बर्फाखालचे देवमासे

काही जण म्हणतात, उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी प्रगतीसाठी परंपरा सोडून शाळाच धरावी. मला नाही पटत. अलास्कातल्या इनुपियाट या मूळ रहिवासी, देवमाशांची शिकार करणाऱ्या लोकांचंच बघा. १९७७ मध्ये बोहेड जातीचे देवमासे फार थोडे उरलेत म्हणून त्यांच्या शिकारीवर बंदी आली. मोजणारे बर्फाच्या कडेला बसून मोकळ्या पाण्यातले देवमासे मोजत. शिकारी जीव तोडून सांगत होते, ते बर्फाखालूनही जातात, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतात! पुढे पाण्यात मायक्रोफोन सोडले, तेव्हा त्यांचं म्हणणं खरं ठरलं. अर्थात मायक्रोफोन आणि गणितही लागलंच. म्हणून तिथल्या नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक प्रशासनानं स्वतःच्या पैशानं शास्त्रज्ञ नेमले, आणि ते शिकाऱ्यांना विचारून काम करू लागले. शिकार आजही चालू आहे, ठरलेल्या कोट्यात.