वैयक्तिक संकेतस्थळावर विश्वासाची साक्ष कशी लिहावी?

प्रश्न: माझ्या कामाची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर ख्रिस्तावरील विश्वासाची साक्ष (विश्वासामुळे आयुष्य कसे बदलले याचे कथन) लिहावी असे मनात आहे, परंतु कामानिमित्त आलेल्या वाचकाला ती लादल्यासारखी वाटू नये, यासाठी काय करावे?

उत्तर १: स्वतंत्र पान ठेवावे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय २६ मध्ये ख्रिस्ताचा प्रेषित पौल अग्रिप्पा राजापुढे आधी आपण केलेला ख्रिस्ती लोकांचा छळ सांगतो, मग दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवरील येशूचे दर्शन आणि त्यानंतर बदललेले आयुष्य; हा क्रम आजही पुरेसा आहे.

उत्तर २: बायबलची वचने जरूर द्यावीत, मात्र आधुनिक भाषांतरांवर बहुधा स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे लांब उताऱ्यांपूर्वी प्रकाशकाच्या अटी पाहाव्यात.

उत्तर ३: १ पेत्र ३:१५ (बायबलमधील पेत्राचे पहिले पत्र, अध्याय ३, वचन १५) नुसार आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यायचे असते, म्हणून संपर्काची सोय (माझ्या मते साक्षीइतकीच) आवश्यक आहे.