‘ळ’ म्हणजे केवळ जड ‘ल’ नव्हे

‘ळ’ हा केवळ जोर देऊन उच्चारलेला ‘ल’ आहे, हे आपले विधान मला पटले नाही; दोहोंतील फरक जोराचा नसून उच्चारस्थानाचा आहे. दोन्ही वर्ण घोष आहेत, म्हणजे ते उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात, आणि दोन्ही पार्श्विक आहेत, म्हणजे जिभेचे टोक मधली वाट अडवते व हवा जिभेच्या कडांवरून बाहेर पडते. (जीभ त्याच जागी रोखून श्वास आत ओढून पाहावा, कडांना गारवा जाणवतो.) मात्र ‘ल’साठी टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते, तर ‘ळ’साठी ते मागे वळून टाळूला स्पर्श करते आणि झटक्याने पुढे सुटते, म्हणून तो मूर्धन्य ठरतो. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ या जोड्यांत एवढ्याच फरकाने अर्थ बदलतो. ठाण्यात राहून आम्ही लोकलमध्ये हिंदी भाषकांच्या तोंडी शेजारच्या ‘कळवा’ स्थानकाचे ‘कलवा’ झालेले रोज ऐकतो, पण तो बोलणाऱ्याचा आळस नव्हे: प्रमाण हिंदीच्या वर्णव्यवस्थेत ‘ळ’ नाही, त्यामुळे जीभ जवळच्या ओळखीच्या स्थानावर जाते. मराठीतही ‘ळ’ शब्दाच्या आरंभी येत नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.