गाडीतला बोलका आवाज: सोबती की कटकट?

घाटमाथा:
‘पुढचा धोका सांगणारी गाडी म्हणजे शेजारी बसलेला जाणता माणूस’ असे परवाच्या लेखात वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. अकरा वर्षे मी दर आठवड्याला पुणे-मुंबई ये-जा करतो. जाणता माणूस अवघड जागी गप्प बसतो. हा आवाज नेमका तेव्हाच बोलू लागतो. गेल्या श्रावणात बोरघाटात दाट धुके होते, पुढच्या टेंपोचे मागचे दिवे बंद होते, मी काच खाली करून कानोसा घेत होतो आणि गाडी मला पुढे तीव्र वळण असल्याचे सांगत होती. ते वळण मला पाठ आहे. त्या टेंपोचा मात्र तिला पत्ताच नव्हता. एकाच जागी, एकाच सुरात येणारी सूचना चौथ्या फेरीला कानावर पडते, पण मनात उतरत नाही. जुलै 2019 पासून नव्या मोटारींत ताशी 80 किलोमीटरपुढे अधूनमधून आणि 120 पुढे सतत वाजणारा इशारा सक्तीचा झाला. द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात 100 ची मुभा असताना 80 चा तो इशारा आज कोण मनावर घेतो?

सिंहगडरस्ता:
तुम्हाला वळण पाठ आहे म्हणून ते सगळ्यांना पाठ आहे, असे आपण का गृहीत धरता? ज्या सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात होतात किंवा दहा माणसे दगावतात, त्याला महामार्गांवर अपघातप्रवण ठिकाण ठरवतात. बाहेरगावच्या चालकाला ही यादी कोण सांगणार? माझे वडील समृद्धी महामार्गाने नागपूरहून येत होते. सरळसोट रस्ता, दुपारची वेळ, शेजारी आई झोपलेली. गाडीने विश्रांती घ्यायला सांगितले तेव्हा आपण दोनदा आपली मार्गिका (लेन) सोडल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्या आवाजाला कटकट म्हणणे मला मानवत नाही.

स्टिअरिंग:
मोटारींना बोलते करून काय साधणार? पुण्याच्या नवले पुलावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने जवळपास 48 गाड्यांचे नुकसान केले. मोटारीतल्या आवाजाने मागून येणारा ट्रक थांबला असता का? हे लोक डिझेल वाचवण्यासाठी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून त्या पुलापर्यंतच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात. आधी त्यांचे परवाने काढून घ्या.

वाटाड्या:
‘हे लोक’ म्हणण्याआधी एकदा भरलेल्या ट्रकमध्ये बसून तो उतार उतरून पाहा. मी बावीस वर्षे ट्रक चालवला आहे. न्यूट्रल करणे चूकच आहे, कारण मग इंजिनाची गाडीला रोखणारी ओढ राहत नाही, सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पायाखाली पेडल असूनही गाडी धरत नाही. पण हे नव्या पोराला शिकवतो कोण? माझा मालक दर खेपेला किलोमीटरमागे डिझेलचा हिशेब मागायचा. ब्रेक कधी तपासले, हे त्याने एकदाही विचारले नाही. परवाना आमचा जातो, मालकाचे काहीच जात नाही.

स्टिअरिंग:
मालकाच्या हिशेबापायी रस्त्यावरच्या कुटुंबाने मरावे काय? माझा मित्र त्याच उतारावर गेला. त्यामुळे मला शब्द जपून वापरता येत नाहीत.

वाटाड्या:
मित्राचे ऐकून वाईट वाटले. तुमचा राग मला समजतो, पण तो अर्ध्याच वाटेवर थांबतो. आवाज बसवायचाच असेल तर आमच्या केबिनमध्ये बसवा. बोगदा संपण्याआधी ‘गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या’ एवढेच त्याने मराठीत, हिंदीत किंवा कन्नडमध्ये सांगावे. इंग्रजीत सांगितलेला धोका माझ्या क्लीनरला कधी कळला नसता.

घाटमाथा:
केबिनमधल्या आवाजाला माझा विरोध नाही, कारण तो काय करायचे ते सांगेल. माझ्या गाडीतला आवाज नुसते धोका आहे म्हणतो. सिंहगडरस्ता, आपल्या वडिलांच्या बाबतीत त्या आवाजाचा उपयोग झाला, हेही मी नाइलाजाने मान्य करतो. तो रस्त्याची नव्हे, चालकाची अवस्था पाहून बोलला.

सिंहगडरस्ता:
नाइलाजाने का होईना, मान्य केलेत. ओळखीच्या रस्त्यावर त्याला गप्प करण्याची सोय हवी, हे मलाही पटते. मात्र जिथे तुम्ही पूर्वी कधी गेला नाहीत, तिथे तुम्ही तो चालू ठेवाल का?

घाटमाथा:
आंबोलीच्या घाटात ठेवीन. बोरघाटात ठेवणार नाही.