खाणीचं सांडपाणी निकषात, मासे जिवंत. मग डॅफ्निया का मरतात?

भोसरी_लॅब: तांबे-जस्ताच्या सल्फाइड खनिजाच्या खाणीतलं, चुन्याची प्रक्रिया झालेलं पाणी तपासायला आलंय. पीएच ७.६, कंडक्टिव्हिटी ३२०० मायक्रोसीमेन्स, अमोनियाकल नायट्रोजन ९, विरघळलेलं तांबं ०.२ आणि जस्त १.६ मिग्रॅ/लि. झेब्रा मासे १०० टक्के, म्हणजे सौम्य न केलेल्या पाण्यात ९६ तास व्यवस्थित जगले. पण डॅफ्निया मॅग्ना (विषारीपणाच्या चाचणीत वापरतात तो पाण्यातला बारीक कवचधारी जीव, पाणपिसू) १०० टक्क्यांत २४ तासांत सगळे निश्चल, ५० टक्क्यांत ४८ तासांनी २० पैकी १३. कंट्रोल (नमुना न घातलेलं पाणी) ठीक. सौम्य करायला महापालिकेचं नळाचं पाणी, थायोसल्फेटने क्लोरीन काढून. दोष चाचणीत आहे की पाण्यात?

पाणपिसू: पाण्यात. सर्वसाधारण निकष तांब्याला ३ आणि जस्ताला ५ मिग्रॅ/लि. एवढे सैल आहेत, त्यामुळे ‘निकषात’ या शिक्क्यावर विसंबू नका. मृदू पाण्यात डॅफ्नियाला तांब्याचे काही दहा मायक्रोग्रॅमसुद्धा पुरतात. तुमच्या नमुन्यात चुन्यामुळे कठीणपणा भरपूर असणार, तो बराच बचाव करतो. नळाच्या मृदू पाण्याने सौम्य केलंत की धातूबरोबर हा बचावही निम्म्यावर येतो.

आता ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) लावा. तुमच्या आकड्यांवरून तांबं-जस्त मिळून साधारण २८ मायक्रोमोल होतात, म्हणजे डायसोडियम ईडीटीए सुमारे १० मिग्रॅ/लि. नमुन्याचे तीन भाग करून ५, १० आणि २० मिग्रॅ/लि. घाला, पीएच पुन्हा ७.६ वर आणा, दोन-तीन तास थांबा आणि मगच डॅफ्नियाची पिल्लं सोडा. लगेच सोडलीत तर कॅल्शियमने धरलेला ईडीटीए तांब्याकडे वळायच्या आतच ती मरतात, आणि ‘ईडीटीए चालला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तेवढाच ईडीटीए घातलेला कंट्रोल हवाच, तो स्वतःही विषारी ठरू शकतो. शेजारी थायोसल्फेटची १० आणि २५ मिग्रॅ/लि. अशी वेगळी मालिका लावा. दोन्हींनी विषारीपणा उतरला तर संशय तांब्या-कॅडमियमवर. फक्त ईडीटीएने उतरला तर जस्त, शिसं, निकेल.

मुठाकाठ: इथेच तुमच्या नळाच्या पाण्याची गोम आहे. क्लोरीन काढताना उरलेलं थायोसल्फेट तांबं बांधतं, म्हणजे ५० टक्क्यांचा तो आकडा कदाचित खऱ्यापेक्षा सौम्य आलाय. त्याऐवजी सौम्य करायला आयएसओ मानकातलं पाणी बनवा. एका लिटर डिस्टिल्ड पाण्यात कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३, सोडियम बायकार्बोनेट ६५ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.८ मिग्रॅ. वापरण्याआधी हवा द्या.

क्षारांवर खापर फोडू नका. एवढ्या कंडक्टिव्हिटीला, त्यातही बहुतेक कॅल्शियम सल्फेट असेल तर, डॅफ्निया मॅग्ना २४ तासांत सगळे जात नाहीत. सेरिओडॅफ्निया (क्षारांना जास्त नाजूक असा डॅफ्नियाचा छोटा नातलग) असते तर वेगळं बोललो असतो.

भोसरी_लॅब: अमोनिया सोडून द्यायचा का? सुरुंगाच्या दारूतून येतो म्हणतात.

मुठाकाठ: हो, अमोनियम नायट्रेट वापरतात, त्यातूनच. पण ४८ तासांनंतरचा पीएच बघितल्याशिवाय सोडू नका. उघड्या बीकरमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. २० अंशांना ७.६ वर मुक्त, म्हणजे विषारी रूपातला अमोनिया दीड टक्का, ८.३ वर सात टक्क्यांच्या वर. मासे साधारणपणे अमोनियाला डॅफ्नियापेक्षा नाजूक असतात आणि ते जगलेत, म्हणून माझा कल धातूंकडेच. तरी मासे आणि डॅफ्निया, दोन्ही चाचण्यांचे सुरुवातीचे आणि शेवटचे पीएच शेजारी मांडा.

पाणपिसू: नमुन्याबद्दल दोन गोष्टी. विषारीपणाच्या बाटलीत आम्ल अजिबात नको. नायट्रिक फक्त धातूंच्या बाटलीत, तेही जागेवर ०.४५ मायक्रॉनमधून गाळल्यावर. चाचणीची बाटली तोंडोतोंड भरून बर्फात आणा आणि ३६ तासांच्या आत चाचणी लावा. वाटेत लोखंडाचा तांबूस गाळ बसला असेल तर गाळलेली आणि न गाळलेली अशा दोन मालिका लावा. तो गाळ पिल्लांच्या अंगाला चिकटला की ती नुसती जड होऊन खाली बसतात आणि मोजणारा त्यांना निश्चल धरतो. बीकर हलक्या हाताने हलवून १५ सेकंद बघा, पोहली नाहीत तरच निश्चल.

शिवाय पिल्लांची संवेदनशीलता ठीक आहे ना हे बघायला पोटॅशियम डायक्रोमेटची चाचणी याच बॅचवर करा. २४ तासांचा ईसी५० (निम्मी पिल्लं निश्चल करणारं प्रमाण) ०.६ ते २.१ मिग्रॅ/लि. या पट्ट्यात आला नाही तर वरचं सगळं नव्याने.

भोसरी_लॅब: डायक्रोमेट आजच लावतो. ईडीटीएच्या मालिकेला ताजा नमुना मागवलाय.