मदत हवी आहे: वॉर्डातल्या नर्सेसना मुलांच्या ल्युकेमियाबद्दल नेमकं काय शिकवायचं?

इन्चार्जबाई

नमस्कार मंडळी. मी बालरुग्ण वॉर्डात इन्चार्ज सिस्टर आहे. वॉर्ड साधाच, म्हणजे न्यूमोनिया, जुलाब, झटके वगैरे. पण आता ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, मुलंही दोन केमोंच्या मध्ये ताप आला किंवा रक्त चढवायचं असलं की आमच्याकडेच भरती होतात. मेट्रन मॅडमनी नर्सेससाठी प्रशिक्षण ठेवायला सांगितलंय. त्याच्या आधी आणि नंतर ज्ञान तपासायला प्रश्नपत्रिका हवी आहे.

मी कच्चे प्रश्न काढून दोघीतिघींना तोंडी विचारून पाहिले. मुलांमध्ये एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हा प्रकार सर्वांत जास्त, २ ते ५ या वयात प्रमाण अधिक, बोन मॅरो (हाडातला मगज) तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, सगळं धडाधड सांगितलं. मग म्हटलं, "रात्री दोन वाजता याच मुलाला ताप भरला तर?" उत्तर आलं, "पॅरासिटामॉल देऊन सकाळच्या राउंडला सांगू." आता या मुलीला मार्क किती द्यायचे? प्रश्न कसे काढावेत, आणि पहिल्याच तासात काय शिकवावं?

रात्रपाळी

ताई, पहिला तास तापाचाच घ्या. बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही.

केमोनंतर न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ५०० च्या खाली गेले की जंतुसंसर्गाशी लढायला शरीरात शिपाईच उरत नाहीत. पू होत नाही, सूज फारशी येत नाही. बऱ्याचदा ताप ही एकच खूण असते. एकदा ३८.३ सेल्सिअस (साधारण १०१ फॅरनहाइट), किंवा ३८ च्या वर तासभर टिकून राहिला, की तातडीची केस समजायची. डॉक्टरांना लगेच फोन, लाइनमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी, आणि तासाभराच्या आत पहिलं अँटिबायोटिक. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पॅरासिटामॉल द्यायचं की नाही ते नंतर ठरेल. नोंद न करता आधीच दिलं तर ताप उतरलेला दिसतो आणि सगळेच निर्धास्त होतात. गुदद्वारातून तापमान घेणं, सपोझिटरी, एनिमा हे पूर्ण बंद. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नाही, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स आधीच कमी असतात. त्याच कारणाने स्नायूत इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचं नाही.

आणि एक. स्टिरॉइड चालू असलेल्या मुलाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. मूल मलूल आहे, हातपाय गार आहेत, नाडी पळतेय आणि थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय, तरी फोन करायचा.

बालडॉक्टर

वरच्या प्रत्येक ओळीशी सहमत. माझी भर.

नव्याने निदान झालेलं, पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असलेलं मूल आलं, तर उपचार सुरू होताच पेशी फुटतात. पोटॅशियम, फॉस्फरस, युरिक अ‍ॅसिड चढतं, कॅल्शियम उतरतं. म्हणून सलाईन भरपूर, पण त्यात पोटॅशियम नाही. लघवीचं माप इथे जीव वाचवतं. इनटेक-आउटपुट चार्ट अंदाजे भरणाऱ्या सिस्टरला हे एकदा कळलं की ती पुन्हा अंदाज लिहीत नाही. छातीत गाठ असलेल्या मुलाला दम लागत असेल तर आडवं झोपवायचं नाही आणि स्वतःहून गुंगीचं औषध तर मुळीच द्यायचं नाही.

व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध फक्त शिरेतून जातं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच मृत्यू होतो. म्हणूनच ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईन-पिशवीतून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. तुमच्या वॉर्डात केमो देत नसाल तरी हे सर्वांना माहीत हवं. मूल घरी गेल्यावर बद्धकोष्ठता, जबडा दुखणं, पाऊल घसटत चालणं सुरू झालं, तर ते याच औषधामुळे असू शकतं. आई तक्रार तुमच्याकडेच घेऊन येणार.

दोघांची_आई

मी नर्स नाही, या आजारातून गेलेल्या मुलाची आई आहे. वॉर्डात आम्ही डॉक्टरांना विचारत नाही, सिस्टरांना विचारतो. "माझ्या खाण्यामुळे झालं का?", "धाकट्याला लागेल का?" याचं ठाम "नाही" फार थोड्या जणींनी दिलं. बाकीच्या "डॉक्टरांना विचारा" म्हणून पुढे जात. एकीने मात्र घरी द्यायच्या गोळ्यांचं सांगितलं. मूल ठणठणीत दिसायला लागलं तरी रोजच्या मर्कॅप्टोप्युरिनमध्ये खंड पडू द्यायचा नाही, नाहीतर आजार उलटण्याचा धोका वाढतो. कांजिण्या झालेल्या मुलाच्या जवळ गेलो तर त्याच दिवशी कळवा, हेही तिनेच सांगितलं. प्रश्नपत्रिकेत हे असू द्या.

पाठ्यपुस्तकी

थोडा विरोध नोंदवतो. व्याख्यांना इतकं हिणवू नका. मॅरो निरोगी पेशी का बनवत नाही हे कळलं, की फिकटपणा, पुरळ आणि ताप यांचा मेळ नर्स स्वतः लावते. नुसती यादी पाठ केली तर यादीबाहेरचं मूल आलं की अडते. मॅरो तपासायच्या आधीच सांधेदुखी म्हणून स्टिरॉइड दिल्याने निदान लांबतं. हे मूळ समजल्याशिवाय कळत नाही.

इन्चार्जबाई

सगळ्यांचे आभार. पाठ्यपुस्तकी, तुमचं पटलं. पेशींचा भाग ठेवते, पण दहा मिनिटांत. प्रश्न असे बदलतेय: "केमोनंतर दहाव्या दिवशी आलेलं सहा वर्षांचं मूल, ताप ३८.४. पुढच्या तासाभरात तुम्ही काय कराल, क्रमाने लिहा." पर्याय देणार नाही, पर्याय दिसले की अंदाज जमतो.

आता एकच अडलंय. क्रम बरोबर पण लाइन हाताळताना हात न धुणारीला मार्क कसे द्यायचे?

रात्रपाळी

ते कागदावर कळायचं नाही. ड्युटीवर तिच्या शेजारी उभ्या राहा.