जिनिंगच्या फाटकावर आयएसओ ९००१: सुधारित मानकाचा आपल्याला उपयोग किती?

जिनिंग चालक, हिंगणघाट परिसर (मूळ मांडणी)

आमच्या सल्लागाराने कळवले आहे की आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात फेब्रुवारी २०२४ मध्ये हवामानबदलाची दुरुस्ती झाली असून आता आम्हाला त्याचे स्वतंत्र धोरण, स्वतंत्र नोंदवही आणि कामगारांचे प्रशिक्षण करावे लागेल. २०१५ ची आवृत्ती आली तेव्हा कागद कमी होतील असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात जोखमीची नोंदवही, परिस्थितीचा तक्ता आणि हितसंबंधीयांची, म्हणजे आपल्या कामाशी ज्यांचा संबंध येतो अशांची, यादी अशी तीन नवी बाडे कपाटात आली. कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा आमचा हंगाम काही महिन्यांचा असतो, रुईचा भाव आमच्या हातात नसतो आणि खरेदीदाराला प्रमाणपत्राची फक्त झेरॉक्स हवी असते. हे मानक मोठ्या कारखान्यांसाठी लिहिलेले आहे आणि ग्रामीण विदर्भातील जिनिंग-प्रेसिंगला त्याचा काडीचाही उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुणवत्ता व्यवस्थापक, यवतमाळ

भाऊ, आपली मांडणी वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. २०२४ ची दुरुस्ती अवघ्या दोन वाक्यांची आहे. कलम ४.१ मध्ये हवामानबदल हा आपल्या संस्थेसाठी संबंधित मुद्दा आहे की नाही हे ठरवायला सांगितले आहे आणि ४.२ मध्ये हितसंबंधीयांच्या त्याबाबत अपेक्षा असू शकतात अशी टीप जोडली आहे. धोरण, नोंदवही, प्रशिक्षण यांपैकी एकही शब्द त्या दुरुस्तीत नाही. ज्याने आपल्याला हे तीन कागद सांगितले, त्याने ते मानकातून नव्हे, स्वतःच्या दरपत्रकातून काढले आहेत.

आणि हा मुद्दा आपल्याशी संबंधित नाही, असे विदर्भातला जिनिंगवाला म्हणू शकतो का? परतीचा पाऊस लांबला की पहिला वेचा भिजतो, ओला कापूस गंजीत आतून तापतो, रुई पिवळी पडते आणि सरकी काढणाऱ्या डबल रोलर यंत्रावर काम मंदावते. त्या वर्षी गाठींची प्रत घसरते आणि दोष मात्र फिटरच्या माथी मारला जातो. पाऊस लांबला तर ओला माल वेगळा कुठे उतरवायचा, किती दिवस वाळवायचा आणि आधी कोणती गंजी चालवायची, हे हंगामापूर्वी ठरवणे म्हणजेच ते कलम पाळणे होय.

आता आपल्या तीन बाडांविषयी. २००८ च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती, गुणवत्ता पुस्तिका आणि व्यवस्थापन प्रतिनिधी सक्तीचे होते. २०१५ मध्ये या तिन्ही सक्ती गेल्या. ४.१, ४.२ आणि ६.१ ही परिस्थिती, हितसंबंधी आणि जोखीम यांची कलमे आहेत, आणि त्यांपैकी एकातही लेखी दस्तऐवजाची मागणी नाही. लेखी हवे ते व्यवस्थेची व्याप्ती, धोरण व उद्दिष्टे यांबाबत, शिवाय मोजमापाच्या साधनांची तपासणी, कामगारांची पात्रता, पुरवठादारांचे मूल्यमापन, सदोष माल, अंतर्गत तपासणी, व्यवस्थापन आढावा अशा मोजक्या बाबींच्या नोंदी लागतात. आपण वापरत नसलेले कागद सल्लागाराच्या सांगण्यावरून सांभाळत बसलात आणि राग मानकावर काढत आहात.

दालमिल मालक, अकोला जिल्हा

दादा, मानकात नाही हे आपण कलमासह सांगितले, ते मान्य. परंतु ऑडिटर समोर बसतो तेव्हा तो "दाखवा" म्हणतो, आणि दाखवायला कागदच लागतो. जोखमीचा विचार केला हे मी त्याला कोणत्या भाषेत पटवून देऊ? पूर्वी केंद्राच्या योजनेतून लहान उद्योगांना प्रमाणपत्राच्या खर्चाचे ७५ टक्के, कमाल ७५ हजार रुपये परत मिळत. त्या काळात आमच्या भागात नमुना फाईल घेऊन फिरणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. माझ्या हाती जी फाईल पडली, तिच्यात तुरीच्या जागी दुसऱ्याच कोणत्या तरी कारखान्याचे सुटे भाग लिहिलेले होते, आणि त्या फाईलवर प्रमाणपत्र मिळाले. ज्या व्यवस्थेत असे घडू शकते, तिच्या सुधारित आवृत्तीवर मी विश्वास का ठेवावा?

गुणवत्ता व्यवस्थापक, यवतमाळ

विश्वास ठेवू नका, कलम ७.१.६ तेवढे वाचा. संस्थेचे काम ज्या ज्ञानावर चालते ते टिकवा आणि आवश्यक तिथे उपलब्ध ठेवा, ही २०१५ मधील नवी भर आहे. तुरीला तेल-पाणी किती लावायचे आणि किती वाळवायचे, हे आपल्या गिरणीत किती जणांना ठाऊक आहे? तो कारागीर गावी गेला की चुरी, म्हणजे तुटलेली डाळ, किती वाढते, हे आपणच हिशेबात पाहत असाल.

दालमिल मालक, अकोला जिल्हा

ते खरे आहे. आमचा जुना मिस्त्री आजारी पडला त्या हंगामात चुरी इतकी वाढली की उताऱ्याचा हिशेब जुळेना. पण त्याच्याकडून माहिती उतरवून घ्या, हे मला माझ्या वडिलांनीही सांगितले असते. त्यासाठी शुल्क भरण्याची गरज नव्हती.

कास्तकार, राळेगाव तालुका

आपण सगळे कारखानदार एकमेकांशी बोलत आहात, म्हणून एक प्रश्न विचारतो. ज्याच्या फाटकावर आयएसओचा फलक आहे अशाच एका जिनिंगमध्ये मागच्या हंगामात माझ्या कापसाचा ओलावा चौदा टक्के दाखवला गेला. तोच कापूस, त्याच दिवशी, दुसरीकडे साडेदहा भरला. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. खाजगी खरेदीदारही हाच दाखला देऊन भाव पाडतो. म्हणजे त्या मीटरच्या काट्यावर माझ्या घरची दिवाळी ठरते. आपल्या मानकात "ग्राहक" शब्द पदोपदी येतो असे ऐकतो. त्यात कास्तकार कुठे आहे?

जिनिंग चालक, हिंगणघाट परिसर

भाऊ, विषय मानकाचा चालला आहे. गाडीच्या वर वाळलेला कापूस आणि खाली पाणी मारलेला, असे माल आम्ही दर हंगामात पाहतो. मीटर गाडीत कुठे खुपसला यावर आकडा बदलतो. दोन ठिकाणी दोन आकडे आले म्हणून जिनिंगवाला चोर ठरत नाही.

कास्तकार, राळेगाव तालुका

पाणी मारणारे असतील, मी त्यांच्यातला नाही, आणि आपण मला ओळखत नसताना माझ्या प्रश्नाला हे उत्तर देणे मला लागले आहे. मी चोर शब्द वापरला नव्हता. मीटर शेवटचा केव्हा तपासला, एवढेच मी त्या दिवशी विचारले होते आणि मला गाडी बाजूला घ्यायला सांगण्यात आले. मागे कापूस भरून ट्रॅक्टर भाड्याने आणलेला माणूस किती वेळ वाद घालू शकतो?

गुणवत्ता व्यवस्थापक, यवतमाळ

हा प्रश्न विषयाबाहेरचा नाही. या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे. कास्तकार कलम ४.२ मधील हितसंबंधी आहे आणि ८.४ नुसार बाहेरचा पुरवठादारही आहे. मोजमापाचे कलम ७.१.५ आहे. ज्या मोजमापाच्या खरेपणावर विश्वास बसण्यासाठी साधनाचा माग प्रमाणित मापापर्यंत लागणे आवश्यक आहे, ते साधन ठरावीक कालावधीने किंवा वापरापूर्वी तपासलेले असले पाहिजे, तपासल्याची खूण त्यावर असली पाहिजे आणि कोणी त्याची जुळणी बिघडवू नये याची काळजी घेतलेली असली पाहिजे. मीटर सदोष निघाला तर आधीच्या मोजमापांवर परिणाम झाला का हे पाहून आवश्यक ती कारवाई करावी, असेही त्यात आहे. नमुना १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वाळवून वजनातील घट काढली की मीटरचा आकडा पडताळता येतो. ही सोय कापूस प्रयोगशाळांत असते.

जिल्हा परिषद शिक्षिका, दारव्हा तालुका

फलकाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. गावोगावच्या शाळा आणि अंगणवाड्या "आयएसओ मानांकित" झाल्या, तेव्हा आमच्या गावानेही लोकवर्गणी काढली. पाण्याची टाकी आली, मुलींचे स्वच्छतागृह दुरुस्त झाले, भिंती बोलक्या झाल्या. हे सर्व मी नाकारणार नाही. परंतु आयएसओ ही संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात आणि त्यांची पात्रता भारतात एनएबीसीबीसारखे मंडळ तपासते. आमच्या प्रमाणपत्रावर अशा कोणत्याही मंडळाचे चिन्ह नव्हते, हे पुढे वाचताना लक्षात आले. मुदत तीन वर्षांची होती. मधल्या काळात वार्षिक तपासणीला कोणी फिरकले नाही आणि मुदत संपली तरी फलक तसाच आहे. फाटकावरचा फलक पाहून माल नेणाऱ्या कास्तकारदादांची फसगत मला म्हणून समजते.

जिनिंग चालक, हिंगणघाट परिसर

ताई, आपण वार्षिक तपासणीचा विषय काढलात, म्हणून सांगतो. आमच्याकडे ऑडिटर नेमका जूनमध्ये येतो. तेव्हा रोलर उघडलेले असतात, आवारात गवत वाढलेले असते आणि तो कार्यालयात बसून फाईल पाहून जातो. कापसातून सुतळी, खताच्या पोत्याचे धागे आणि केस वेचणाऱ्या बायांचे काम त्याने आजवर पाहिलेले नाही, आणि गाठींची खरी प्रत त्यांच्याच हातावर ठरते. हे मानकाचे अपयश नव्हे तर काय?

गुणवत्ता व्यवस्थापक, यवतमाळ

काम बंद असताना कामाची तपासणी होऊ शकत नाही, हे प्रमाणन संस्थेला लेखी कळवून डिसेंबर-जानेवारीची तारीख मागण्याचा आपला अधिकार आहे. जूनची तारीख आपल्यालाही सोयीची होती, म्हणून आपण ती मागितली नाही, असे मला वाटते. कठोर बोललो असेन, पण हंगामात ऑडिटर नको आणि हंगामाबाहेरचा ऑडिट खोटा, या दोन तक्रारी एका तोंडाने करता येत नाहीत.

जिनिंग चालक, हिंगणघाट परिसर

हंगामात एक दिवस ऑडिटरमागे फिरणे म्हणजे काय असते, हे पगारी माणसाला कळणार नाही. तरीही डिसेंबरची तारीख मागून पाहीन. मीटरबाबत माझा आक्षेप वेगळा आहे. मीटर सदोष निघाला तर मागच्या खरेदीचे काय करायचे? महिनाभर घेतलेल्या मालाची कपात मी कोणाकोणाला परत देऊ? तो कापूस गाठींत गेलेला असतो, त्याचे पैसे झालेले असतात.

कास्तकार, राळेगाव तालुका

पावतीवर माझे नाव, वजन, ओलावा आणि कपात लिहिलेली असते. कोणाला परत द्यायचे हे आपल्या वहीतच आहे. प्रश्न द्यायचे की नाही, एवढाच आहे.

दालमिल मालक, अकोला जिल्हा

मी जिनिंगवाल्या भाऊंच्या बाजूने लिहीत आलो, पण येथे कास्तकारदादांचे म्हणणे मला खोडता येत नाही. तूर घेताना आम्हीही मीटर लावतो, आणि तो शेवटचा केव्हा तपासला हे मला कोणी विचारले तर आज उत्तर देता येणार नाही.

जिनिंग चालक, हिंगणघाट परिसर

प्रमाणपत्राच्या किमतीविषयीचे माझे मत कायम आहे आणि सल्लागाराची तीन बाडे मी बंद करणार आहे. मीटरचे म्हणाल तर दर आठवड्याला एक नमुना प्रयोगशाळेतून वाळवून आणून पडताळता येईल. मग चूक निघाली तरी वाद त्या आठवड्याच्या पावत्यांपुरताच राहील आणि तेवढा फरक मला देता येईल. पडताळणीचा कागद वजनकाट्याच्या खोलीबाहेर लावीन.

कास्तकार, राळेगाव तालुका

कागदावर तारीख आणि मीटरचा क्रमांक दोन्ही लिहा, आणि नमुना काढताना रांगेतल्या एका कास्तकाराला उभे राहू द्या. एवढे केले तर वर वाळलेला आणि खाली ओला कापूस कोणी आणला, हेही आपल्याला आमच्यासमोरच दाखवता येईल.