दीर्घ श्वासाने चक्कर येते, त्याबद्दल

ताण आला की दीर्घ श्वास घ्या, असा सल्ला नेहमी दिला जातो आणि त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात अशी तक्रारही ऐकू येते. तक्रार खरी आहे. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं. आधीच घाबरलेला माणूस त्याने आणखी घाबरतो. प्राणवायू मुळात कमी पडलेला नसतो, मग जास्त ओढून काय उपयोग?

भर उच्छ्वासावर द्या. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूचा (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी, शरीर शांत करणारी नस) प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नाकाने ४ सेकंद घ्या, ६ सेकंदांत सोडा. म्हणजे मिनिटाला ६ श्वास, असं ५ मिनिटं. पोटावरचा हात हलला पाहिजे, खांदे नव्हेत. धाप लागल्यासारखं वाटलं तर ३ आणि ४ वर या. श्वास रोखायचा नाही (कुंभकाचा आग्रह इथे नकोच). शांत असताना सराव नसेल तर ऐन वेळी हे सुचणारही नाही.

छातीतली कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल तर मात्र श्वास मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.